काचवाल्याचे हात

४ मे

अक्का,

पोचलो एकदाचे. वाटेत हे मोजून तीन वाक्यं बोलले, त्यातली दोन गाडीच्या खिडकीबद्दल होती. काच जुनी आहे म्हणे, आणि पुट्टी ज्याने लावली त्याला हाकलून द्यायला हवं. नवराबायको सुट्टीला निघालेत की दुरुस्तीच्या कामाला, असा समोरच्या बाईला प्रश्न पडलेला दिसला.

खोली छपराखाली आहे, छान आहे. उभं राहिलं की यांचं डोकं तुळईला लागतं, म्हणून हे खोलीत वाकूनच चालतात. खाली नदी इतकी जवळ की खिडकी उघडली की एकमेकांशी ओरडून बोलावं लागतं, म्हणजे मलाच ओरडावं लागतं. ज्यांच्याकडे उतरलोय त्या काकू प्रेमळ आहेत. फोनला इथे रेंज नाही. सकाळी पावाची गाडी येते ती टपाल आणते आणि नेते, तेव्हा पत्रच लिहीन. तसंही फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं तुम्ही ऐकत नाही.

स्टेशनवर तुम्ही माझ्या कानात जे विचारलंत त्याचं उत्तर आधी देते. अजून ठरलेलं नाही. लग्नाला वर्ष होत आलं तरी मी पाळणाघरामागची माझी खोली धरून बसलेय, आठवड्यातले दोन-तीन दिवस तिथेच झोपते, हे लोकांना विचित्र वाटतं ते मला ठाऊक आहे. तुमच्या भावात काही खोट नाही. पण पन्नाशीपर्यंत एकटी राहिलेल्या बाईला दार लावून घ्यायला एक जागा लागते. खोली ठेवायची की सोडायची ते घरमालकांना या महिन्याच्या शेवटी सांगायचंय. सुट्टीत ठरवते असं मी यांना म्हटलं. हे ‘बरं’ म्हणाले. त्यानंतर त्यावर एक अक्षर नाही. यांनी काही म्हणायला हवं होतं की नाही, तेही मला कळत नाही.

उद्या राफ्टिंगला जातोय. रबराच्या फुगवलेल्या होडीत बसून खडकांमधून खळाळत खाली यायचं. कल्पना यांची, विश्वास ठेवा! काल पुलावरून नदीकडे बघत म्हणाले, “काचेसारखं आहे पाणी.” मी म्हटलं, “हो, फुटलेल्या.” तर चक्क हसले.

दुकानात मोठी काच एकटीने उचलू नका. उचलणार आहातच, तरी सांगितलं.

तुमची,
मावशी (तुम्हीही आता पाळणाघरातल्या पोरांसारखं मावशीच म्हणता, तर सहीसुद्धा तीच)

*

५ मे

अक्का,

राफ्टिंग झालं. पाणी गार. होडी चांगली, शिवण पक्की आहे. ही एकदा पाण्यात पडली, लगेच काढली. लागलं नाही. चष्मा वाहून गेला. त्यामुळे रागावली आहे, जेवताना बोलली नाही. तिच्या चष्म्याचा नंबर वरच्या कपाटात औषधांच्या डब्यात आहे तो पाठव. इथे बाजारात चष्मेवाला आहे.

चारफुटी आरसा गिऱ्हाईक शुक्रवारी नेणार. कडा घासून ठेव.

*

६ मे

अक्का,

अक्षर मोठं दिसेल. चष्मा नदीत गेला, आणि हे पत्र मी कागदाला नाक लावून लिहितेय.

तुमच्या बंधुराजांनी कळवलंच असेल की सगळं छान झालं. सुरुवातीला खरोखर छान होतं. होडीत आम्ही दोघं, पुढे एक दंतवैद्य आणि त्यांची बायको, मागे गाइडबाई. उन्हाने भाजलेली, आवाज शाळेच्या घंटेसारखा. तिने आधी काठावर सगळं शिकवलं: पाय कडेखाली कसे अडकवायचे, वल्हं कसं धरायचं, पाण्यात पडलं तर पाठीवर पडून पाय पुढे कसे करायचे. पहिल्या खळाळाला मी इतकी किंचाळले की दंतवैद्याच्या बायकोने मागे वळून माझी चौकशी केली. मी म्हटलं, अहो, आनंदाने ओरडतेय! पाणी तोंडावर आपटत होतं, हेल्मेट डोळ्यांवर येत होतं, आणि मला शाळेतून पळून आल्यासारखं वाटत होतं. हे शेजारी बसून वल्हं मारत होते, चेहरा आरशाची चौकट जुळवताना असतो तसा. मला ते फार आवडलं. खरं सांगते, त्या अर्ध्या तासात मी मनातल्या मनात खोली सोडूनही टाकली होती.

मग एका खडकावर होडी चढली, माझी बाजू कलली आणि मी उलटी बाहेर जायला लागले. अक्का, पडताना वेळ फार हळू जातो. मी यांच्याकडे बघितलं. हातभर अंतर होतं. हात पुढे केला असता तर माझं जॅकेट सहज हातात आलं असतं. आणि तुमच्या बंधुराजांनी वल्हं टाकलं, दोन्ही हात वर केले, तळवे माझ्याकडे, आणि मागे सरकले. मला जायला वाट करून दिल्यासारखे!

मी गेले. नाकातोंडात पाणी, वर-खाली काही कळेना. कसेबसे पाय पुढे केले. होडी जवळ आली तेव्हा दंतवैद्याने माझ्या जॅकेटचे खांदे धरले आणि एका झटक्यात मला उपटून आत घेतलं. धंद्याचाच हात तो. मी होडीच्या तळाशी माशासारखी तोंड उघडून पडलेली, आणि बंधुराज माझ्यावर वाकून म्हणतात काय? “चष्मा?”

माझं पाळणाघर आहे. पोर खुर्चीवरून घसरलं की माझा हात माझ्याआधी तिथे पोचतो. कितीकदा तर मी पाठमोरी असते. त्यासाठी विचार करावा लागत नाही, जीव लागतो फक्त. म्हणून तर हे मला इतकं लागलंय. यांनीही विचार केला नाही. विचार न करता यांचे हात वर गेले.

मी भांडले नाही. भांडण आलं असतं तर बरं झालं असतं. नुसतं आतून गार पडल्यासारखं झालंय. हे माझ्यासाठी टॉवेल आणतात, चहा आणतात, आणि मी ‘ठेवा’ म्हणते. खोली राहू दे, असंच घरमालकांना लिहावं म्हणतेय.

तुम्ही यांच्या बहीण आहात हे माहीत असूनही तुम्हालाच लिहिलं. दुसरं कुणी नाही.

मावशी

*

८ मे

अगं मावशी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून माझ्या घुम्या भावाला मनातल्या मनात बडवून काढला. दुसऱ्यांदा ‘तळवे माझ्याकडे’ इथे आले आणि मटकन स्टुलावर बसले. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला म्हटलं, जरा थांबा, आमच्या घरात घोटाळा झालाय.

ऐक. आमच्या घरात पोरांना बोलायच्या आधी एक गोष्ट शिकवतात. काच निसटली की पकडायची नाही. हात वर, पाय मागे. निसटलेली काच परत मिळत नाही, आणि पकडणाऱ्याची बोटं जातात. बाबा परसात टाकाऊ तुकडे हातातून मुद्दाम सोडायचे, अचानक, बोलता बोलता. जो हात पुढे करेल त्याने अंगण झाडायचं. मी इतक्यांदा झाडलं की शेजाऱ्यांना वाटायचं, काय कामसू मुलगी आहे! मी हट्टी होते. पडणारं काहीही बघितलं की माझा हात जायचाच, तुझ्यासारखा.

मग एकदा दुकानाच्या दारात मोठं तावदान निसटलं आणि ते मी पकडलं. माझा उजवा अंगठा वाकत नाही, तो तेव्हापासून. घुम्या लहान होता, पायरीवर बसून पाव खात होता. सगळं त्याच्या डोळ्यांसमोर झालं. मला उचलून नेलं, परत आणलं, पट्टी बांधून खाटेवर ठेवलं, तरी हा त्याच पायरीवर, पाव तसाच हातात. त्यानंतर बाबांना त्याला काही शिकवावं लागलं नाही. आजतागायत त्याच्या हातावर एक ओरखडा नाही, बघितलं असशील.

तर बाई, त्याने तुला जायला वाट दिली नाही. तो घाबरला. काचवाला घाबरला की असाच दिसतो.

मी त्याची वकिली करतेय असं वाटेल, म्हणून एक सांगते. उद्या चहाच्या वेळी हातातून काहीतरी सोडून बघ. महाग नको.

खोली तुझी आहे आणि निर्णयही तुझाच. मी त्यात पडणार नाही. (पडतेच आहे, पण निदान तसं म्हणू दे.)

अक्का

*

८ मे

अरे घुम्या,

चष्म्याचा नंबर सोबत आहे. पण ती चष्म्यासाठी नाही रागावली, गाढवा! ती होडीतून गेली तेव्हा तुझे हात कुठे होते ते आठव. नाही आठवलं तर सांगते: वर होते. आणि तिला काढलं कुणी? दात काढणाऱ्याने. तुझ्या पत्रात ‘लगेच काढली’ एवढंच होतं, कुणी ते नव्हतं.

आरशाच्या कडा घासल्या. गिऱ्हाईक घेऊन गेलं आणि पुन्हा आलं. आरशात आपण जाड दिसतो अशी तक्रार होती. मी म्हटलं, काच चांगली आहे, आता मी काय करू?

अक्का

*

११ मे

अक्का,

सोडून बघितलं!

काल सकाळी चहाला बसलो होतो. मी चमचा सोडला. हात वर, खुर्ची मागे. मला वाटलं योगायोग असेल. थोड्या वेळाने पावाचा तुकडा सोडला. हात वर. मग जिन्यात मी वरून टॉवेल सोडला. अक्का, टॉवेल! मऊ, घडी केलेला टॉवेल, आणि हे दोन्ही हात वर करून दोन पायऱ्या मागे, भिंतीला चिकटून उभे. काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या, त्यांना वाटलं कुणी दरोडा घातला. मी पायरीवर बसून पोट धरून हसले. हे तसेच उभे राहून विचारतात, “काय झालं? लागलं का?” यांना पत्ताच नाही हो! आपले हात कुठे आहेत ते या माणसाला माहीतच नाही.

हसता हसता मला रडूही आलं. पायरीवर पाव घेऊन बसलेला तो मुलगा सारखा डोळ्यांसमोर येतोय. गार वाटत होतं ते गेलं. ‘तुमचे बंधुराज’ म्हणणंही मी सोडलंय, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

पण अक्का, तुमच्यापासून लपवत नाही. कारण कळलं, तरी धास्ती पुरती गेलेली नाही. कारण कळलं म्हणजे पुढच्या वेळी हात खाली येतील असं थोडंच आहे? उद्या म्हातारपणी न्हाणीघरात माझा पाय घसरला तर हे हात वर करून मागे सरकणार, आणि मी दंतवैद्याला शोधत फिरायचं का? माणूस चांगला असणं वेगळं आणि धरणारा असणं वेगळं. मला दुसरंही हवंय. हा हावरटपणा असेल तर असू दे.

आणि आणखी एक. हे दोन दिवस सकाळी उठून एकटेच कुठेतरी जातात. ‘फिरून येतो’ म्हणतात. परत येतात ते ओल्या केसांनी, दमून, आणि माझ्याकडे न बघता पाव खातात. मी टॉवेलवरून हसले ते लागलं असेल का? की मला टाळतायत? विचारलं तर म्हणतात, “दव पडतं.” एवढं दव? मे महिन्यात?

मावशी

*

११ मे

अक्का,

हात आठवले. तिने पडताना माझ्याकडे बघितलं होतं, ते मी विसरलो होतो. तुझं पत्र वाचून आठवलं.

गाइडबाईंना जाऊन विचारलं, धरायला शिकवता का. त्या सकाळी डोहात येतात. तिथे पाणी संथ आहे. त्या होडीच्या कडेवरून स्वतःला पाण्यात टाकतात आणि मी काढायचं. पहिल्या दिवशी दर वेळी हात वर. त्या पाण्यातून ओरडल्या, “साहेब, मी पोलीस नाही!” आज काही वेळा जमलं. दोन्ही खांद्यांचे पट्टे धरायचे, गुडघे कडेला टेकायचे आणि आपण मागे पडायचं, म्हणजे समोरचा माणूस वर येतो. मागे पडायचं मला येतं. धरायचं शिकतोय. एकदा मीच त्यांच्यावर पडलो.

हिला सांगू नकोस. जमलं नाही तर उगाच आशा.

खोली सोड असं मी तिला म्हणालो नाही, कारण मला वाटलं ते तिचं आहे. बरोबर केलं का?

*

१२ मे

मावशी,

तुझं पत्र आलं. आणखी एक आलं, त्याबद्दल विचारू नकोस. घरमालकांना अजून काही लिहू नकोस, एवढंच सांगते. ओल्या केसांचा माणूस घरी आला तर त्याला टॉवेल हातात दे. वरून टाकू नकोस.

अक्का

*

१२ मे

घुम्या,

नाही. चूक केलंस. तिचं आहे म्हणून तू मधे पडला नाहीस ते ठीक, पण तुला काय हवंय ते तरी सांगायचं! ती काय तुझ्या कपाळावर वाचणार? तेही चष्म्याशिवाय?

डोहात पडतोस ते चांगलं आहे. सर्दी करून घेऊ नकोस.

अक्का

*

१५ मे

अक्का,

तुम्हाला सगळं माहीत होतं ना? परत आले की बघते तुमच्याकडे!

परवा हे बाजारातून माझा नवा चष्मा घेऊन आले. त्याला दोरी बांधली, गाठ तीनदा ओढून बघितली, आणि म्हणाले, “पुन्हा जाऊया का होडीत?” मी यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. लग्न झाल्यापासून यांनी कुठलीच गोष्ट दुसऱ्यांदा मागितली नव्हती. मी हो म्हटलं.

या वेळी दंतवैद्य नव्हते. मला जरा धाकधूकच वाटली. गाइडबाई यांच्याशी जुनी ओळख असल्यासारखी बोलत होती, तेही मला खटकलं. खळाळ आले, गेले. मी घट्ट बसले होते, पाय कडेखाली रुतवून. हे नदीकडे बघतच नव्हते, सारखे माझ्याकडे. गाइडबाई मागून ओरडून थकली, “साहेब, पुढे बघा! नदी तिकडे आहे!” होडी त्या खडकाजवळ आली तेव्हा यांचा चेहरा पांढरा पडला. काही झालं नाही. निघालो बाजूने.

मग संथ डोह आला. गाइडबाईने वल्ही आत घ्यायला सांगितली. ऊन पडलं होतं. हे माझ्या शेजारी, मांडीवर हात ठेवून, आणि ते हात काहीतरी पकडत असल्यासारखे सारखे मिटत-उघडत होते. तेव्हा मला केस आठवले, दव आठवलं, आणि एकदम सगळं कळलं. माझा नवरा रोज सकाळी गार पाण्यात काय करत होता ते कळलं. आणि त्यासोबत हेही कळलं, की आता मी काही केलं नाही तर आम्ही दोघं असेच काठाला लागू, घरी जाऊ, आणि मला जन्मभर माहीत होणार नाही.

म्हणून मी पडले. कुणी ढकललं नाही, होडी हलली नाही. कडेवर बसले होते, पाय सोडवले आणि मागे गेले. यांना सांगितलं नाही. सांगून पडण्यात काय अर्थ होता?

हात वर गेले, अक्का.

तसेच. तळवे माझ्याकडे. पाण्यातून मी ते दोन हात वर बघितले आणि माझं काळीज तुटलं. मग ते खाली आले. हळूच नाहीत, हिसका मारून, दुसऱ्या कुणाचे तरी हात ओढून आणावेत तसे. माझ्या खांद्यांचे पट्टे यांच्या मुठीत आले, गुडघे कडेला टेकले, आणि हे मागे पडले. मी यांच्या अंगावर. होडीच्या तळाशी आम्ही दोघं, माझं कोपर यांच्या पोटात, नाकातून पाणी गळतंय, चष्मा जागेवर. गाइडबाई मला शिव्या घालत होती आणि टाळ्याही वाजवत होती. हे म्हणाले, “धरलं.” मग पुन्हा म्हणाले, “धरलं ना?” मी म्हटलं, “हो, धरलं.” तर तोंड फिरवून रडले. मीही रडले. काठाला लागलो तरी यांनी पट्टे सोडले नव्हते, दोघांना एकदमच उतरावं लागलं.

वर येताना हे बोलले. इतकं बोलताना मी यांना कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, “पुढच्या वेळीही हात आधी वरच जातील. ती सवय माझ्याने सुटणार नाही. पण मग खाली येतील.” थोडं चालून पुन्हा म्हणाले, “खोली तुझी आहे, तू ठेव किंवा सोड. पण तू घरी नसतेस तेव्हा मला करमत नाही. हे मी तुला सांगायला हवं होतं.” मी म्हटलं, मग सांगितलं का नाही? तर म्हणाले, “निसटेल असं वाटलं.”

अक्का, मला धरणारा माणूस हवा होता. मला तो मिळाला, फक्त जरा उशिरा धरतो. तेवढा वेळ मी पाण्यात राहू शकते.

घरमालकांना लिहिलेलं पत्र याच गाडीने जातंय. पाळणाघर राहील, मागची खोली सोडली. शनिवारी पोचतो. स्टेशनवरून मी सरळ घरी येणार आहे, आणि तिथेच राहणार आहे.

मावशी